आवाज न चढवणारी बाई

कागद फाडून फोटो बाहेर निघाला आणि ज्ञानदेव लोंढे म्हणाले, "ही कोण बाई?"

बुद्धभूषणला वाटलं, आबा थट्टा करतायत. इंदापूरपासून बारामतीपर्यंत त्यानं तो फोटो जीपमध्ये मांडीवर उभा धरून आणला होता, उसाच्या ट्रॉल्यांमागं थांबत, खड्ड्याखड्ड्याला काच सांभाळत. दोन बाय तीन फुटांचा, रंगीत, सोनेरी चौकटीतला. आईचा आज पहिला स्मृतिदिन. फोटो मांडवात ठेवायचा, फुलं वाहायची आणि मग कायमचा पुढच्या खोलीत टांगायचा, असं ठरलं होतं.

"आई आहे ती, आबा."

"काय?"

"आई!"

"कुणाची?"

मेघना, म्हणजे त्यांची लेक, फस्सकन हसली आणि दादानं वळून बघितल्यावर तोंडाला पदर लावून खोकली. ती काल रात्रीच पुण्याहून आली होती.

ज्ञानदेव फोटोजवळ गेले. हनुवटी कौसल्येची होती, कानही तिचेच होते. बाकी सगळा पेंटरचा कारभार. नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा नाहीसा झाला होता. अंबाड्यात खोचलेलं पेन गेलं होतं. डोक्यावर पदर आला होता, जो तिनं स्वतःच्या लग्नातही तासाभराच्या वर टिकू दिला नव्हता. आणि ओठांवर आणून बसवलं होतं एक गोड हसू. असं हसू अख्ख्या ग्राहक भांडारात फक्त साबणाच्या खोक्यावरच्या बाईला होतं, तिथल्या म्यानेजरबाईंना, म्हणजे खुद्द कौसल्येला, नव्हतं.

"चष्मा कुठं गेला?"

"मीच काढायला सांगितला. चेहरा शांत दिसावा म्हणून."

"शांत?"

"लोक येणार आहेत आबा. शिक्षण खात्याचे साहेब येतायत, मेघनाच्या सासरची येतायत. त्या जुन्या फोटोत आई कशी दिसते, तुम्हाला माहितीय."

माहीत होतं म्हणजे काय! ज्ञानदेवांच्या मते कौसल्येचा खरा फोटो जगात एकच होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी भांडाराच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला एक फोटोग्राफर आला होता. पाहुण्यांचा फोटो चांगला यावा म्हणून तो बुटांसकट तांदळाच्या पोत्यावर चढला. कौसल्येच्या हातात नेहमीप्रमाणं परखी होती, म्हणजे पोत्यात खुपसून आतला दाणा बाहेर काढायची ती टोकदार लोखंडी पन्हळ. ती तिनं त्याच्यावर रोखली आणि ओरडली, "पायताण काढ आदी! माणसं खाणार हायत त्ये!" त्या दचक्यात त्याचं बोट दाबलं गेलं. पाहुणे राहिले बाजूला आणि फोटोत आली कौसल्या, तोंड उघडं, डोळे चष्म्यावरून वटारलेले, परखी समोर. ज्ञानदेव तो फोटो बघायचे तेव्हा ते वाक्य त्यांना ऐकू यायचं. मोठा करून आण म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं तो मुलाला दिला होता. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावं असं त्यांना वाटत होतं.

"मूळ फोटो दे माझा."

"पेंटरकडं दिला होता. तो म्हणतो, सापडत नाही."

साक्षी, बुद्धभूषणची बायको, चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे टेकवला आणि लगेच स्वयंपाकघरात निघून गेली.

"सापडत न्हाय," ज्ञानदेव म्हणाले. "बरं झालं. तिला जाळली, फोटो हरवला, आता ही बाई आणलीया घरात. हिला जेवाया वाढा."

पुढं कोण काय बोललं, ते त्यांना नीट कळलं नाही. साखर कारखान्याच्या मिल हाउसला तीस वर्षं काढली होती त्यांनी, आणि त्या घरघराटात कान निम्मे राहिले होते. मेघनानं पुण्याहून कानात घालायचं मशीन आणून दिलं होतं, ते शिट्टी मारायचं म्हणून कपाटात पडून होतं. कौसल्या होती तोवर मशीन लागलंच नाही. तिचा आवाज भिंतीतून आरपार जायचा. जेवायला त्यांना दोन हाका लागायच्या. पहिली साधी. दुसरी चार घरांना ऐकू जाईल अशी, त्यांचा बहिरेपणा, त्यांचा आळस आणि लग्नापासूनच्या सगळ्या चुका यांच्या उल्लेखासह. खरं सांगायचं तर पहिलीच त्यांना नीट ऐकू यायची, पण ते दुसरीसाठी थांबायचे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही.

ती गेली आणि घरातली माणसं हळू बोलायला लागली. दुःखाच्या घरी हळू बोलावं, ही रीत. पण वर्ष झालं तरी रीत संपेना. सगळे कुजबुजायचे, ज्ञानदेव "काय?" म्हणायचे, आणि समोरचा "काही नाही आबा" म्हणून हात हलवायचा. माणसाला बहिरं करायचं असेल तर कारखान्याची गरज नाही, ह्या "काही नाही"वर काम भागतं.

मांडव घरासमोर घातला होता. सोनबा सतरंज्या अंथरत होता. भांडारात पंचवीस वर्षं हमाली केलेला माणूस. म्यानेजरबाईंचा वर्षाचा कार्यक्रम म्हटल्यावर न बोलावता पहाटेच हजर झाला होता.

"तांदूळ कुठाय, आबा? चुली पेटल्यात."

"यील म्हणत्यात. बुद्धभूषणचा कोण दोस्त हाय येपारी."

"म्यानेजरबाई असत्या तर तांदूळ कालच आला असता," सोनबा म्हणाला. "आन् आज परत गेला असता."

दोघंही हसले. सकाळपासून ज्ञानदेवांना जरा बरं वाटलं ते एवढंच. ते घरात आले, तर लगेच बुद्धभूषणनं त्यांच्या हातात छापील घडीपत्रक ठेवलं. वर तीच साबणाची बाई, खाली 'आयुष्मती कालकथित कौसल्याबाई ज्ञानदेव लोंढे यांचा जीवनपरिचय'.

बुद्धभूषण इंदापूरला हेडमास्तर होता आणि त्याचं अक्षर, भाषा, वजन सगळं चांगलं. त्यामुळं नरसिंहपूरपासून सांगवीपर्यंत नात्यात कुणीही गेलं की जीवनपरिचय लिहायला लोक त्याच्याकडं यायचे. चाळीसएक लिहिले असतील त्यानं. आता चाळीस माणसांचं मरण लिहायचं म्हटल्यावर प्रत्येकाला नवीन गुण कुठून आणणार? म्हातारा असला तर 'करारी', म्हातारी असली तर 'सोशिक', पुढं दोन ओळी कष्टाच्या, एक ओळ धम्माची, शेवटी 'पोकळी'. हात बसला होता त्याचा. आणि हात बसला की डोकं झोपतं, तसं झालं होतं.

ज्ञानदेव बोट ठेवून वाचत गेले. "त्या अत्यंत मायाळू व सोशिक होत्या," इथं नाकातून हवा सोडली. "शेवटच्या श्वासापर्यंत त्यांनी काळ्या आईची सेवा केली." इथं बोट थांबलं.

"काळी आई कोण?"

"शेत, आबा."

"कुणाचं शेत?"

बुद्धभूषणनं पत्रक हातात घेतलं, वाचलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते... ते आधीच्या एका परिचयातलं राहून गेलं असेल."

"कुणाच्या?"

"निमगावच्या भागूबाईंच्या."

"म्हंजी मेली भागूबाई आन् वर्ष कौसल्याचं!" ज्ञानदेवांचा आवाज चढला. "बाईनं जल्मात खुरपं धरलं न्हाय. भांडारात वजन करायला लागली आन् म्यानेजर हून बाहीर पडली, एकतीस वर्सं. तू लेक हायस का छापखाना?"

"आबा, एक ओळ आहे. कोण लक्ष देतंय!"

"ती ऱ्हाऊ दे," ज्ञानदेवांचं बोट खाली सरकलं होतं. "ही बघ. 'त्यांनी आयुष्यात कधीही आवाज चढवला नाही.' ही काढ."

 कौसल्येची थोरली बहीण आक्काबाई नरसिंहपूरहून आली होती आणि कोपऱ्यात फुलांच्या पाकळ्या सोडवत होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, पाव्हणं. गेल्या माणसाचं चांगलंच बोलावं."

"चांगलं बोला की! खोटं कशापायी? आक्का, तू व्हतीस की भांडारात त्या दिवशी. तू बघितलंयस, ती पयल्यांदा का वरडली त्ये."

आक्काबाईनं मान खाली घातली आणि पाकळ्या जास्तच जोरात सोडवायला लागली.

ज्ञानदेवांनी लेकीकडं बघितलं. फोटोच्या वेळी हसली होती, म्हणजे ती तरी आपल्या बाजूची, असा त्यांचा हिशेब. पण मेघना म्हणाली, "आबा, फोटोचं तुमचं बरोबर आहे. पण ही ओळ असू दे. माझ्या सासरचे येतायत. त्यांच्याकडं अजून सांगतात, सुपारीच्या दिवशी आईनं आचाऱ्याला कसं झापलं ते. मला वर्षभर ऐकावं लागलं, 'आईसारखी तोंडाळ निघू नकोस म्हणजे झालं.'"

"आणि शाळेत मुलं मला विचारायची," बुद्धभूषणनं आपलंही काढलं, "तुझी आई दुकानात वसकते तशी घरी पण वसकते का? आज एक दिवस तरी तिच्याबद्दल कुणी चांगलं ऐकू दे."

म्हणजे हे होय! ज्ञानदेव खाटेवर बसले. इतकी वर्षं पोरांनी हे पोटात ठेवलं होतं, आणि आता आई उलटून बोलायला नाही म्हटल्यावर तिला दुरुस्त करून घेत होते. पेंटरनं तोंड मिटलं, हेडमास्तरनं आवाज काढून घेतला. अजून एक वर्ष गेलं तर मीसुद्धा म्हणेन, व्हय व्हय, सोशिक होती. आणि हे काही अशक्य नव्हतं. कारण खरी गोष्ट अशी होती की गेल्या महिनाभरात दोन-तीनदा, डोळे मिटून पडल्यावर, तिचा आवाज त्यांना आठवला नव्हता. शब्द आठवले, आवाज नाही.

"ती ओळ वाचायची न्हाय," ते म्हणाले. "छापलीया ती छापलीया. वाचताना गाळ."

"बघतो," बुद्धभूषण म्हणाला. हेडमास्तरचं 'बघतो' म्हणजे काय, हे इंदापूरच्या कुठल्याही शिक्षकाला विचारावं.

"आन् मला बोलायचंय."

"तुम्हाला?"

"माझी बायकू व्हती ना ती? का भागूबाईच्या नवऱ्याला बोलवलंय?"

बुद्धभूषणनं खिशातून वक्त्यांची यादी काढली. अकरा नावं होती. त्यानं खाली बारावं लिहिलं. "शेवटी. दोन मिनिटं. भन्तेजींचं भोजन बाराच्या आत व्हायला पाहिजे, त्यानंतर ते अन्न घेत नाहीत, तुम्हाला माहितीय. वेळेत आटपायचंय."

साडेनऊला वंदना झाली. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, मांडवातल्या तीनशे माणसांनी मागून म्हटलं, आणि तेवढा वेळ ज्ञानदेवांचं मन थाऱ्यावर होतं. मग सूत्रसंचालकानं माइक हातात घेतला आणि वेळेत आटपण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

पहिल्या वक्त्यानं कौसल्याबाईंना आदरांजली वाहिली आणि पतसंस्थेच्या निवडणुकीतल्या आपल्या पराभवाचं कारण सांगितलं. दुसऱ्यानं पंचवीस मिनिटं घेतली. त्याला कौसल्याबाई नेमक्या कोण हे शेवटपर्यंत कळल्याचं दिसलं नाही, पण बाईचं समाजातलं स्थान कळलं होतं. तिसऱ्यानं "मी जास्त वेळ घेणार नाही" म्हणून सुरुवात केली, तेव्हाच सोनबानं पाण्याचा पिंप भरून ठेवला. कर्ण्यातून येणारं बोलणं ज्ञानदेवांना नुसतं घुमल्यासारखं वाटायचं. ते पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून समोरच्या फोटोकडं बघत होते. फोटो त्यांच्याकडं बघून गोड हसत होता. असा राग आला त्यांना! बेचाळीस वर्षांच्या संसारात कौसल्या त्यांच्याकडं बघून अशी एकदाही हसली नव्हती, आणि ज्या रीतीनं हसली होती ते ह्या मांडवात सांगण्यासारखं नव्हतं.

साडेदहाला सूत्रसंचालकानं घडीपत्रक उघडलं. ज्ञानदेवांनी आपलंही उघडलं आणि बोट ठेवलं. बुद्धभूषण शेजारीच बसला होता. ज्ञानदेवांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं समोर बघितलं.

मायाळू झालं. सोशिक झालं. काळी आईसुद्धा झाली. मागं भांडारातल्या दोन जुन्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. बोट खाली खाली सरकत होतं. सूत्रसंचालकानं आवाजात कंप आणला, थोडं थांबला आणि म्हणाला, "कौसल्याबाईंनी आयुष्यात कधीही आवाज चढवला नाही."

"मला तोंडाचा माल दावू नगंस!"

आवाज मांडवामागून आला. असा कडक आणि स्वच्छ, की पहिल्या रांगेतल्या त्या निम्म्या कानांनासुद्धा शब्द न् शब्द ऐकू गेला. ज्ञानदेव खुर्चीतून अर्धे उठले. 

"वरच्या वंजळीवर काय हाय त्ये आंधळ्यालाबी दिसतंय! पोत्याच्या पोटात काय भरलंय? उचल! दोन्ही पोती उचल आन् हितनं नीघ!"

तीनशे माना एकदम मागं वळल्या. सूत्रसंचालक माइक धरून तसाच उभा. सोनबाच्या हातातला तांब्या वाकडा होऊन पाणी सतरंजीवर सांडत होतं. "आवं," तो म्हणाला, "म्यानेजरबाई आल्या का काय!"

हसू आधी भांडारातल्या बायकांना फुटलं, मग मागच्या रांगांना. बुद्धभूषण मात्र पांढराफटक पडून उठला होता. आवाज कुणाचा, ते त्याला कळलं होतं. तो मांडवामागं धावला. ज्ञानदेव त्याच्यामागं.

चुलींजवळ टेम्पो उभा होता. दोन पोती खाली उतरवलेली. साक्षी पदर कमरेला खोचून उभी होती, एका हातात कौसल्येची परखी, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर परखीतून निघालेला तांदूळ. अर्धा कण्या, त्यात वळवळणारे किडे. पोत्याच्या उघड्या तोंडाशी मात्र फुलासारखा पांढरा, अखंड दाणा.

"वहिनी, अवो, समजून घ्या," टेम्पोवाला काकुळतीला आला होता. "भन्तेंचं जेवण बाराच्या आत हाय म्हणं. निवडून घ्या की जरा. आता टाइम कुठाय?"

"टाइम न्हाय म्हणूनच वरडतीया! साडेअकराला माझा भात उतरला पायजे. धा मिन्टांत दुसरा तांदूळ आण, न्हायतर तुझ्या शेटला घिऊन यी, त्याला ह्येच रांधून घालते!"

"साक्षी!" बुद्धभूषण दबक्या आवाजात म्हणाला. "हळू. सगळे ऐकतायत."

"ऐकू द्या की! किडं त्यास्नीच खायचं हायत!"

टेम्पोवाल्यानं हेडमास्तरकडं बघितलं, हेडमास्तरनं तळव्यावरच्या किड्यांकडं बघितलं. पोती परत टेम्पोत चढली. सोनबा स्वतः टेम्पोत बसून बरोबर गेला.

ज्ञानदेव परखीकडं बघत होते. वर्षभर त्यांनी ती घरात शोधली होती. "ही तुझ्याकडं कशी?"

साक्षीचा जोर ओसरला. पदर डोक्यावर ओढून ती खाली बघत काहीतरी पुटपुटली.

"काय?"

"काही नाही मामा," बुद्धभूषणच्या सवयीनं ती म्हणायला गेली आणि थांबली. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. मग तडक घरात गेली, स्वतःची पिशवी उपसली आणि एका जुन्या साडीच्या घडीतून तो फोटो काढून आणला. चष्म्यावरून वटारलेले डोळे, उघडं तोंड, परखी.

"पेंटरनं कवाच परत दिला व्हता, मामा!" आता ती मोठ्यानं बोलत होती. "मीच ठिवून घेतला! ह्यास्नी सांगितलं, सापडत न्हाय म्हणतोय. परखी आत्याबाईंनीच दिली व्हती. लगीन हून आले तवा मी असं तोंडातल्या तोंडात बोलायची. तुमास्नी काय ऐकू जायाचं न्हाय. आत्याबाई रोज बोलायच्या मला, 'मामास्नी ऐकू गेलं पायजे, न्हायतर ह्या घरात ऱ्हाऊन उपेग काय?' वर्सभर रडले मी. शिकले. आन् इंदापूरला गेले तर ह्ये म्हणाले, हेडमास्तरची बायकू हायस, हळू बोल."

ती थांबली. पण आवाज तिनं खाली येऊ दिला नाही. "तितं मला कुणीबी वरडत न्हाय, मामा. म्हणून ठिवला फोटू."

 

मांडवात परत आले तेव्हा सूत्रसंचालक चौथ्या वक्त्याचं नाव पुकारत होता. ज्ञानदेव सरळ माइकपाशी गेले. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी तो हातात घेतला.

"जय भीम. ह्या कागदात लिव्हलंय, तिनं कदी आवाज चढवला न्हाय. त्ये खोटं हाय." कर्णा किंचाळला; ते थांबले नाहीत. "तिनं चढवला. रोज चढवला. माझे कान मिलनं न्हेले. ती वरडायची म्हणून मला घर ऐकू यायचं. कोण आलं, काय भाजी हाय, पोराला किती मार्कं पडली, सगळं तिनं वरडून सांगितलं म्हणून मला कळलं. ती गेली आन् तुमी सगळी चांगली माणसं हळू बोलाया लागला. वर्स झालं, मला माझं घर ऐकू येत न्हाय. मला तिच्याबिगर करमत न्हाय. एवढंच."

दोन मिनिटं दिली होती, एक शिल्लक ठेवून ते बसले.

आणि मग आक्काबाई उठली. यादीत तिचं नाव नव्हतं. माइकही तिनं घेतला नाही.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "बासष्ट साली कौसल्या भांडारात लागली. मी साखर आणाया गेल्ती. एक बाई आली, हिच्याकडं बघितलं आन् म्हणाली, 'पुडा हातात नगं दिऊस, फळीवर ठिव. मी उचलून घीन.' कौसल्या हळूच म्हणाली, 'घ्या की बाई, हातात.' दोनदा म्हणाली. ती बाई म्हणाली, 'ऐकू येत न्हाय का? खाली ठिव.' मी घाबरून कौसल्याचा पदर वढला, म्हणलं ठिव. तवा ती पयल्यांदा वरडली. 'हातात घ्यायचं आसंल तर घ्या, न्हायतर पुढचं गिऱ्हाईक!' सगळं भांडार गप. त्या बाईनं हातात घेतला पुडा." आक्काबाईनं डोळे पुसले. "मी सकाळी म्हणलं, ऱ्हाऊ द्या. मी तवाबी ठिव म्हणलं व्हतं. माझं चुकलं."

त्यानंतर भाषण करायला कुणी उठेना. उरलेले आठ वक्ते एकदम आजारी पडल्यासारखे बसून राहिले. भन्तेजींनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, गालातल्या गालात हसले आणि पुण्यानुमोदनाची गाथा सुरू केली. मेघनानं सासूशेजारची जागा सोडली आणि मागं चुलींकडं भाताला हात लावायला गेली. जाताना तिनं पदर कमरेला खोचला. बुद्धभूषणनं घडीपत्रक घडी घालून खिशात ठेवलं. मग उठला, साक्षीकडून छोटा फोटो घेतला, मोठ्या फोटोच्या बरोबर पुढं टेकवून ठेवला आणि आईपुढं गुडघे टेकून बसला. साबणाची बाई मागं पूर्ण झाकली गेली नाही. कडेनं तिचं हसू थोडं दिसत राहिलं.

अकरा पस्तीसला भात उतरला. अखंड, पांढरा, वरपासून तळापर्यंत एकसारखा. भन्तेजींचं पान वाढलं, मग पंगती बसल्या.

ज्ञानदेव खुर्चीतच होते. फोटोतली कौसल्या परखी रोखून त्यांच्याकडं बघत होती. पायताण काढ आदी, ते मनात म्हणाले, आणि ह्या वेळी शब्दांबरोबर आवाजही आला.

"मामा! जेवाया या!" साक्षीनं चुलींकडून हाक मारली.

हाक त्यांना नीट ऐकू आली. पण ते जागचे हलले नाहीत. पायांवर हात ठेवून, मान जराशी तिरपी करून, ते दुसऱ्या हाकेची वाट बघत बसून राहिले.